तिथी बघून पेरणी : ठाणे-नवी मुंबईच्या घरबागेसाठी चंद्राचं वेळापत्रक

आमच्या आजोबांची शेती घणसोलीच्या खारजमिनीत होती. खाडीचं पाणी अडवणारा बांध, आत भाताची खाचरं, बांधापलीकडे तिवरं. पेरणीच्या दिवसांत ते पहाटे आधी बांधावर फेरी मारून यायचे आणि मगच तिथीबद्दल बोलायचे. आत्याच्या तोंडून त्यांचं एक वाक्य मी कितीतरी वेळा ऐकलंय : "पोरी, आदी खारी बग, मंग आभाल बग." आगरी बोलीत खाडीची 'खारी' होते. नवी मुंबई वसवताना इथल्या ९५ गावांच्या जमिनी संपादित झाल्या, त्यात ती खाचरंही गेली. आज ऐरोलीत आमच्या सोसायटीच्या गच्चीवर मी चौदा कुंड्या, सहा ट्रे आणि दोन अर्धे कापलेले ड्रम सांभाळते. पण पेरणीची तिथी अजून बघते, आणि गेली काही वर्षं शेजारच्या बायकाही विचारायला येतात : "ताई, मेथी आज टाकू की पुनव झाल्यावर?"

त्या प्रश्नाचं नीट उत्तर द्यायचं म्हणून हा लेख. तिथीवर पेरणी करायची असेल तर क्रम पक्का ठेवा : आधी ऋतू, मग पाणी, मग चंद्र. हा क्रम उलटा केला की तिथी साधते आणि पीक जातं. माझंही एकदा गेलं आहे. आषाढात शुद्ध दशमी साधली म्हणून उघड्या गच्चीवर मेथी टाकली. तिसऱ्या दिवशी कोंब आले, पाचव्या दिवशी सलग पाऊस लागला आणि ट्रेमध्ये नुसता चिखल आणि कुजका वास उरला.

सूर्यनक्षत्र वेगळं, चंद्रनक्षत्र वेगळं

सगळ्यात जास्त गल्लत इथेच होते, म्हणून जरा थांबून समजून घ्या.

"मृग लागला", "आर्द्राचा पाऊस", "हत्तीचा पाऊस" हे सगळं आपण बोलतो ते सूर्याच्या नक्षत्राबद्दल. सूर्य वर्षभरात २७ नक्षत्रांतून फिरतो, प्रत्येकात साधारण १३-१४ दिवस राहतो. त्यामुळे मृग दरवर्षी ७-८ जूनलाच लागतो, आर्द्रा २१-२२ जूनला, पुनर्वसू ५-६ जुलैला, पुष्य १९-२० जुलैला. पुनर्वसूच्या पावसाला तरणा पाऊस म्हणतात, पुष्याच्या पावसाला म्हातारा पाऊस. भातशेतीचं सगळं गणित याच नक्षत्रांवर चालतं. मेअखेर रोहिणीत धूळवाफेवर पेरणी, मृगात रोप वर, पुनर्वसू-पुष्यात आवणी, म्हणजे रोपांची लावणी. "पडल्या उत्तरा, तर भात खाईना कुत्रा" ही म्हण सप्टेंबरच्या मध्याबद्दल आहे. तेव्हा भात पोटरीत असतो, म्हणजे कणीस बाहेर पडायच्या बेतात असतं, आणि त्याला पाणी हवंच असतं. या कोणत्याही गोष्टीचा अवस-पुनवेशी संबंध नाही.

भिंतीवरच्या कॅलेंडरात रोजच्या चौकटीत जे नक्षत्र छापलेलं असतं ते मात्र चंद्राचं. चंद्र सव्वासत्तावीस दिवसांत सगळं नक्षत्रचक्र पुरं करतो, म्हणजे एका नक्षत्रात साधारण एकच दिवस असतो. म्हणून जानेवारीतही कॅलेंडरात "मृग" दिसेल. तो पावसाचा मृग नव्हे.

तिसरी गोष्ट तिथी. सूर्य आणि चंद्र यांच्यातलं अंतर १२ अंशांनी वाढलं की एक तिथी संपते. चंद्राची गती कमीजास्त होते, त्यामुळे तिथी कधी १९-२० तासांची, कधी २६ तासांचीही असते. म्हणूनच कधी एखादी तिथी गळते, कधी दोन दिवस एकच तिथी दिसते. बागकामाला एवढी बारीक घडी लागत नाही. सूर्योदयाला जी तिथी असेल ती दिवसभर धरा. अमावास्येपासून अमावास्येपर्यंतचा चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा. असे बारा महिने ३५४ दिवसांत संपतात, आणि मागे पडलेले दिवस भरून काढायला साधारण दर ३२-३३ महिन्यांनी अधिक महिना येतो.

त्याचा बागेवर काय परिणाम होतो ते एका उदाहरणावरून कळेल. २०२५ साली आषाढी एकादशी ६ जुलैला होती. २०२६ साली अधिक ज्येष्ठ आल्यामुळे ती २५ जुलैला. तिथी एकच, पण मध्ये १९ दिवसांचं अंतर! पाऊस काही १९ दिवस थांबत नाही. म्हणून "आषाढ शुद्धात अमुक लावा" असं कुणी सांगितलं की मी आधी विचारते, सूर्य कुठल्या नक्षत्रात आहे? अधिक महिन्यात नवीन शुभकार्य करत नाहीत, पण शेतकरी पेरणी थांबवत नाही. तुम्हीही थांबवू नका.

पहिली पायरी : ऋतूची चौकट आखा

वहीच्या पहिल्या पानावर वर्षाचे भाग पाडा. ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. त्यामुळे आपल्याकडचं वेळापत्रक देशावरच्यासारखं नसतं.

वैशाखात, अक्षय्य तृतीयेला, वेलांची आळी करायची. ही आपल्या भागातली जुनी रीत. खड्डा वा मोठी कुंडी भरायची, शेणखत घालायचं, दोन-तीन बिया टोचायच्या आणि पाऊस येईपर्यंत हाताने पाणी घालायचं. काकडी, दुधी, दोडका, कारलं, पडवळ, लाल भोपळा, सगळे वेल चालतात. मृगाचा पाऊस येईपर्यंत वेल मांडवावर चढलेला असतो आणि मुसळधार सरींना तोंड देऊ शकतो. या तृतीयेमागे मला तरी हेच शहाणपण दिसतं : पावसाच्या आधी महिना-दीड महिना, ही वेळ अगदी नेमकी आहे.

मृगाच्या आसपास भेंडी, गवार, चवळी. आषाढ-श्रावणात उघड्यावर पालेभाजी टाकू नका. त्या दिवसांत बाजारात येणारी कंटोली, टाकळा, कुर्डू, फोडशी खावी. भाद्रपदात आडोशाला वांगी, टोमॅटो, मिरचीचं रोप करा. आश्विन-कार्तिक हा आपल्या गच्चीचा खरा सुगीचा काळ : मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, गाजर, बीट, आणि भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर येणारा वाल. माघ-फाल्गुनात पुन्हा उन्हाळी काकडी, भेंडी, लाल माठ.

ही चौकट झाली की मग महिन्यातला पंधरवडा निवडायचा.

दुसरी पायरी : पंधरवडा ठरवा

परंपरेचा मूळ नियम छोटा आहे. जे जमिनीवर वाढतं आणि जमिनीवरून खुडलं जातं ते शुक्ल पक्षात पेरायचं. जे जमिनीखाली पोसतं ते कृष्ण पक्षात. चंद्र वाढतो तसा रस वर चढतो, चंद्र उतरतो तसा रस मुळांत उतरतो, असा त्यामागचा समज. छाटणी, तण काढणं, खत पुरणं, बी वाळवून साठवणं, लाकूड-बांबू तोडणं ही कामंही कृष्ण पक्षातली.

अमावास्येला काही पेरायचं नाही. राज्यात बऱ्याच गावांत त्या दिवशी औत धरत नाहीत. चतुर्थी, नवमी आणि चतुर्दशी या रिक्ता तिथी. 'रिक्त' म्हणजे रिकामी, म्हणून त्या दिवशी बी टाकत नाहीत.

शुक्ल पक्षात पेरताना एक बारकावा आहे. तो आत्याने मला शिकवला आणि तो वापरायला फार सोपा आहे. बी पेरायचा दिवस बघू नका, कोंब वर येण्याचा दिवस बघा. कोंब पुनवेच्या आधी दोन-तीन दिवस वर यायला हवेत. त्यावरून मागे मोजा :

मेथीला दोन ते चार दिवस लागतात, तर दशमीला टाका. लाल माठाला चार ते सहा, अष्टमीला टाका. भेंडीला पाच ते सात, सप्तमीला. कोथिंबिरीला आठ ते बारा, तर द्वितीया-तृतीयेला. मिरचीलाही तेवढेच दिवस लागतात, तीही द्वितीयेला. थंडीत उगवायला एक-दोन दिवस जास्त लागतात, तेवढे धरून चला.

कोथिंबिरीचे धने लाटण्याने हलकेच दोन फाकांत फोडा आणि रात्रभर भिजवा. भेंडी आणि कारल्याचं बीही रात्रभर भिजवलेलं चांगलं. मेथीला भिजवायची गरज नाही. सहा इंच खोल ट्रे पुरतो, बी दाट टाकून वर अर्धा सेंटीमीटर माती भुरभुरायची, आणि पंचविसाव्या दिवसाच्या आसपास जुडी निघते.

कंदमुळांसाठी कृष्ण पक्षातली द्वितीया ते अष्टमी मला बरी वाटते. मुळ्याला दहा-बारा इंच खोल भांडं हवं, बी एक सेंटीमीटरवर टाका, आठवडाभराने सात-आठ सेंटीमीटरवर एकेक रोप ठेवून बाकी विरळून घ्या. विरळलेली पानं भाजीत घाला. चाळीस-पंचेचाळीस दिवसांत मुळा तयार होतो. गाजराला अडीच-तीन महिने लागतात आणि बी उगवायलाच दोन आठवडे, तोवर वरची माती सुकू द्यायची नाही. ओलं गोणपाट झाकून ठेवा, कोंब दिसले की त्याच दिवशी काढा.

हळद वैशाख वद्यात किंवा ज्येष्ठ वद्यात. तीस-चाळीस ग्रॅमचा, दोन ठळक डोळे असलेला कंद, बारा-पंधरा इंच खोल कुंडीत, दोन इंच खाली. पानं पिवळी पडून लोळली की काढायची, त्याला आठ-नऊ महिने जातात. आलं आणि सुरण यांचंही वेळापत्रक जवळपास असंच.

रोपांची पुनर्लावण कुठल्या पक्षात करायची याबद्दल गावोगावी वेगळं सांगतात. आमच्याकडे कृष्ण पक्षात, कारण रोपाने आधी मूळ धरावं. माझ्या अनुभवात पक्षापेक्षा वेळ महत्त्वाची. संध्याकाळी पाचनंतर लावा, लगेच पाणी द्या, पुढचे तीन दिवस सावली करा.

तिसरी पायरी : चंद्रनक्षत्राची चाळणी

ज्यांना आणखी बारकाईत जायचंय त्यांच्यासाठी ही पायरी. मुहूर्तशास्त्रात नक्षत्रांचे तीन गट आहेत. ऊर्ध्वमुख म्हणजे वर तोंड असलेली : रोहिणी, आर्द्रा, पुष्य, तिन्ही उत्तरा (फाल्गुनी, आषाढा, भाद्रपदा), श्रवण, धनिष्ठा, शततारका. अधोमुख म्हणजे खाली तोंड असलेली : भरणी, कृत्तिका, आश्लेषा, मघा, तिन्ही पूर्वा, विशाखा, मूळ. विहीर खणायची, पाया खोदायचा, तर अधोमुख. उरलेली तिर्यङ्मुख : अश्विनी, मृग, पुनर्वसू, हस्त, चित्रा, स्वाती, अनुराधा, ज्येष्ठा, रेवती. मी याचा साधा उपयोग करते. झाड, वेल, मांडवावरचं काही असेल तर ऊर्ध्वमुख, कंद असेल तर अधोमुख. पालेभाजीला तिर्यङ्मुखही चालतं. बी पेरायला रोहिणी, तिन्ही उत्तरा, हस्त, पुष्य, मृग, चित्रा, अनुराधा, रेवती ही नक्षत्रं परंपरेने चांगली धरतात.

हिशेब मांडून बघा. शुक्ल पक्षातल्या पंधरा तिथींतून तीन रिक्ता गेल्या, पुनव गेली, राहिल्या अकरा. त्यांतून कोंबांच्या मोजणीप्रमाणे तुमच्या पिकाला तीन-चार तिथी योग्य. त्यांतला एखादा दिवस चांगल्या नक्षत्राचा मिळतो, कधी मिळतही नाही. मिळाला नाही तर तिथी धरा, नक्षत्र सोडा. आणि तिथीही साधली नाही, तर ऋतू धरा. रविवारशिवाय वेळच मिळत नसेल, तर त्या पक्षातला रविवार घ्या.

चौथी पायरी : खाडी बघा

लोकपरंपरेत चंद्राचा जो अधिकार सांगितलाय, तो आपल्या ठाण्याच्या खाडीकाठी डोळ्यांना दिसतो. कळवा, खारेगाव, दिवा, ऐरोली, घणसोली, दिवाळे, बेलापूर, करावे, या सगळ्या पट्ट्यात पिकाचं भलं-बुरं चंद्रावर अवलंबून असायचं ते भरतीमुळे.

अवस आणि पुनव यांच्या आसपास उधाण येतं. सूर्य-चंद्राची ओढ एका रेषेत येते, भरती जास्त चढते आणि ओहोटी जास्त उतरते. सर्वात मोठी भरती बहुधा त्या दिवशी नसते, त्यानंतर एक-दोन दिवसांनी असते. शुद्ध आणि वद्य अष्टमीच्या आसपास भांग असते, तेव्हा पाणी कमी चढतं, कमी उतरतं. खारजमिनीतला शेतकरी बांधाची डागडुजी भांगेत करायचा. उधाणात बाहेरकाठ्याला, म्हणजे बाहेरच्या बांधाला, खांड गेली की खारं पाणी आत यायचं आणि त्या खाचरात पुढचा हंगाम धड येत नसे. बांधातली उघाडी, म्हणजे पाणी सोडायचं दार, ओहोटीला उघडून आतलं पावसाचं पाणी बाहेर सोडायचं, भरतीला ती बंद. पेरणीही आभाळ बघून : आधी चांगला पाऊस पडून जमिनीतला खार धुऊन खाली जाऊ द्यायचा, मग मोड आणलेलं बी फेकायचं. तिथे 'राता' हा लाल तांदूळ तग धरायचा. पुढे दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या पनवेल येथील खारजमीन संशोधन केंद्रातून पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ हे खार सोसणारे वाण आले.

आज खाचरं नाहीत, पण गणित तेच आहे. नवी मुंबईचा बराच भाग उधाणाच्या पातळीहून खाली आहे. म्हणून शहरात धारण तलाव बांधलेत. भरतीला त्यांची दारं मिटतात, पावसाचं पाणी तलावात साठतं, ओहोटीला बाहेर जातं. पावसाळ्यात अवस-पुनवेनंतर साडेचार मीटरवर भरती असेल आणि त्याच वेळी मोठा पाऊस आला, तर तळमजल्याच्या बागेत पाणी उभं राहतं. तेव्हा तळमजल्यावर, रो-हाउसच्या अंगणात किंवा सोसायटीच्या आवारात बाग असेल, तर एवढं करा :

वाफे दीड फूट उचलून घ्या. ज्येष्ठ ते भाद्रपद या काळात नवीन रोप भांगेच्या दिवसांत लावा, म्हणजे षष्ठी ते दशमी, दोन्ही पक्षांत. उधाणाच्या चार दिवसांत खत टाकू नका, पाण्याबरोबर वाहून जाईल. उन्हाळ्यात मातीवर पांढरा थर येत असेल तर तो खरवडून बाहेर टाका आणि पहिले दोन-तीन चांगले पाऊस होईपर्यंत पेरू नका.

भरतीची वेळ तोंडी काढायची कोळी-आगरी लोकांची रीत आहे. तिथीला पाऊणने गुणा, येईल तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. अवस-पुनवेला बाराच्या सुमारास, दुपारीही आणि मध्यरात्रीही. दोन भरतींमध्ये साधारण साडेबारा तास, आणि भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. खाडीत आत जाल तसा थोडा उशीर होतो, म्हणून एखादा तास इकडेतिकडे धरा. अंगणात पाणी भरलं की मी आत्याच्या हाताच्या बोटांवरचा हाच हिशेब करते, आणि ते कधी उतरू लागेल याचा अंदाज बहुतेकदा बरोबर येतो.

पाचवी पायरी : अवस आणि कीड

राज्यभरचे कापूस आणि तूर लावणारे शेतकरी सांगतात की अवसेच्या आसपास अळीची अंडी वाढतात. यात तथ्य आहे. हिरव्या घाटेअळीचे पतंग अंधाऱ्या रात्री जास्त अंडी घालतात असं कीटकशास्त्रज्ञांनाही आढळलंय. प्रकाशसापळ्यात पुनवेला कमी आणि अवसेला जास्त पतंग येतात हेही सर्वमान्य आहे.

घरी काय करायचं? अवसेच्या दोन दिवस आधी आणि तीन-चार दिवसांनी पानांची खालची बाजू बघा. टोमॅटो, मिरची, वाल, चवळी यांवर विशेष लक्ष. अंडी दिसली तर बोटाने पुसून टाका. निंबोळी अर्क करायचा असेल तर पन्नास ग्रॅम निंबोळ्यांची भरड रात्रभर लिटरभर पाण्यात भिजवा, सकाळी फडक्याने गाळा, चिमूटभर साबण घाला आणि संध्याकाळी फवारा. गच्चीवर प्रकाशसापळा लावायचा तर घमेल्यात साबणाचं पाणी आणि वर बल्ब, अंधार पडल्यापासून फक्त दोन तास. रात्रभर ठेवलात तर उपयोगी किडेही मरतात. कारल्या-दोडक्यावरच्या फळमाशीला दिव्याचा उपयोग नाही. तिच्यासाठी क्यू-ल्यूरचा, म्हणजे नर माशीला ओढणाऱ्या गंधाचा, सापळा आणा.

सहावी पायरी : मांडवाचा बांबू, साठवणीचं बी

मांडवाला बांबू कृष्ण पक्षात, शक्यतो अवसेजवळ तोडलेला घ्या, असं जुने लोक सांगतात. त्याला भुंगा लागत नाही म्हणून. भुंगा येतो तो बांबूतल्या पिठूळ अंशासाठी, आणि तो कमी करायचा खात्रीचा उपाय पाणी आहे. तीन-चार वर्षांचा पक्का बांबू घ्या, पावसाळा संपल्यावर तोडलेला, दोन-तीन आठवडे पाण्यात बुडवून मग सावलीत वाळवलेला. दुकानदाराला तिथी विचारून उत्तर मिळणार नाही, पण ड्रममध्ये पाणी आपण भरू शकतो.

बी कृष्ण पक्षात काढायचं, वाळवायचं. वेलावरच पिकून सुकलेलं फळ निवडा, बिया दोन-तीन दिवस सावलीत पसरा. भोपळ्याची बी वाकवल्यावर कडक् तुटली तर वाळली. चाळलेली राख मिसळून काचेच्या बरणीत, वर वाण आणि तिथी लिहून ठेवा.

हे खरंच लागू पडतं का?

शेजारच्या काकूंना मी जे सांगते तेच इथे लिहिते. २०२० साली स्पेनमधल्या वालेन्सिया विद्यापीठातल्या अभ्यासकांनी चंद्र आणि पिकं या विषयावरचं लेखन तपासलं, आणि चंद्रकलांप्रमाणे पेरल्याने पीक वाढतं याला विश्वासार्ह पुरावा त्यांना आढळला नाही. कारणही समजण्यासारखं आहे. उजेड लक्समध्ये मोजतात : पुनवेचं चांदणं जास्तीत जास्त पाव ते तीन दशांश लक्स, दुपारचं ऊन लाखभर लक्स, आणि आपल्या गच्चीवर रस्त्याच्या दिव्याचा उजेड चांदण्याहून कितीतरी पट जास्त पडतो. कुंडीतल्या चमचाभर पाण्यावर चंद्राची ओढ मोजण्याइतकीही नसते, ती दिसते ती खाडीएवढ्या पाण्यावर.

तरी मी तिथीवर पेरते, कारण महिन्याला काही ठरलेले दिवस मिळतात आणि गच्चीवर नेमाने जाणं होतं. दशमीला मेथी, वद्य तृतीयेला मुळा, अवसेला पानं उलटून बघणं. शिवाय आजोबांचं आणि आत्याचं ज्ञान माझ्या हातून पुढे जातं, ते मला जपायचंय.

तुम्हाला स्वतः बघायचं असेल तर असा प्रयोग करा. एकाच पाकिटातलं मेथीचं बी, शंभर-शंभर दाणे मोजून. एक ट्रे शुद्ध दशमीला, दुसरा वद्य दशमीला. माती, ट्रे, जागा, पाणी सगळं तेच. सातव्या दिवशी कोंब मोजा, पंचविसाव्या दिवशी जुडी तोला. एकदा करून निष्कर्ष काढू नका, कारण पंधरा दिवसांत हवाही बदलते. कार्तिक ते माघ असे चार महिने करा. वहीत सहा रकाने पुरतात : तारीख, तिथी, बी, कोंब किती, पाऊस वा थंडी, वजन. माझ्या दोन हिवाळ्यांच्या नोंदीत मेथीत फरक दिसला नाही, पण भाद्रपदात झाकलेल्या आणि उघड्या ट्रेमध्ये जमीन-अस्मानाचा फरक दिसला.

आणि एक चाचणी आपल्या घरात पिढ्यान् पिढ्या चालतच आली आहे. आश्विन शुद्ध प्रतिपदेला घट बसतात. परडीत माती, मातीत धान्य, वर मडकं, आणि नऊ दिवसांत अंकुर वीतभर. रब्बीच्या तोंडावर घरातलं बी उगवतं का, हे त्यात आपोआप कळतं. या वर्षी घटाचं धान्य टाकताना गहू, वाल, चवळी, मूग यांचे दहा-दहा दाणे बाजूला काढा, ओल्या फडक्यात गुंडाळून वाटीत ठेवा, आणि पंचमीला उघडून मोजा. दहातले आठ उगवले असतील तर ते बी आश्विन-कार्तिकात पेरायला ठेवा. सहा-सात असतील तर दीडपट टाका. पाच किंवा कमी असतील तर ते धान्य स्वयंपाकघरात द्या आणि नवीन बी आणा.